मालदीवची शेती आणि मासेमारी: सरकारी प्रयत्नांचं पाणी नेमकं कुठे मुरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कृषी पदवी झाली आहे, मालदीवमधल्या एका भाजीपाला प्रकल्पात नोकरीची बोलणी चालू आहेत. तिथलं सरकार शेती आणि मासेमारी वाढवायच्या घोषणा सतत करतं, पण कांदा-बटाटा तर भारतातूनच जातो. मग या प्रयत्नांत काही दम आहे की नुसता देखावा? आणि अशा ठिकाणी जावं का?

मी बेटांवरची शेती आणि मासळी उतरल्यानंतरची तिची हाताळणी या दोन्ही कामांत बराच काळ आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी माझं मत सांगून टाकतो. शेतीत मालदीव स्वयंपूर्ण होणार नाही, आणि तसं होण्याची गरजही नाही. मासेमारीत तिथल्या सरकारनं काही कामं अशी केली आहेत की आपल्या किनाऱ्यावरच्या राज्यांनी त्यांचा अभ्यास करावा. दोन्हीकडे अडतं ते पिकवण्यात किंवा पकडण्यात नाही. अडतं त्याच्या पुढे: बर्फ, बोट, ग्राहक आणि वेळेवर पैसे. जिथे सरकारनं या मधल्या टप्प्यात हात घातला तिथे काम झालं. जिथे नुसती जमीन वाटली किंवा पॉलिहाऊस उभारून दिली, तिथे बहुतेक वेळा फीत कापण्यापलीकडे फारसं काही झालं नाही.

आता जमिनीचं बघा. सुमारे बाराशे बेटं, त्यातली वस्ती असलेली दोनशेच्या आत, आणि सगळ्यांची मिळून जमीन अंदाजे ३०० चौरस किलोमीटर. म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मी, आणि तीही उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात ठिपक्याठिपक्यांनी पसरलेली. समुद्र मात्र नऊ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सरकारनं कशावर किती जोर द्यावा, याचा अर्धा निकाल तिथेच लागतो.

माती म्हणजे पोवळ्यांचा चुरा. तुम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकला असाल तर तुम्हाला जांभ्याची आम्ल, लोहयुक्त माती ठाऊक आहे. इथे सगळं उलटं. सामू (पीएच) आठच्या वर, बरेचदा साडेआठच्याही पुढे, सेंद्रिय कर्ब नावापुरता, आणि चुन्याचं प्रमाण इतकं की लोह, जस्त, मँगनीज मातीत असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे चित्र तुम्हाला बेटाबेटांवर दिसेल. नवखा कृषी अधिकारी लगेच साधं ईडीटीए चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून रसायनात बांधलेलं लोह, ड्रिपमधून सोडतो. एवढ्या सामूला ते टिकत नाही, लोह सुटं होऊन मातीत अडकतं आणि पैसे वाया जातात. तिथे ईडीडीएचए प्रकारचं चिलेट लागतं, ते महाग असतं, आणि ते आणायला बोटीची वाट बघावी लागते. नाहीतर सूक्ष्म अन्नद्रव्यं पानांवर फवारा. पण खरा इलाज कंपोस्टच. पालापाचोळा आणि मासळीचा टाकाऊ भाग कुजवून वर्षानुवर्षं घातलेली वाफ्याची माती आणि शेजारची उघडी वाळू यांतला फरक हातात घेतला तरी कळतो. जुन्या बायका हे न शिकता करत आल्या आहेत. बेटांवरची पारंपरिक शेती बरीचशी त्यांच्याच हातात होती: अळू, रताळी, केळी, विलायती फणस. दक्षिणेला फुवामुलाहला अळूची ओलसर खाचरं आहेत, ती बघून कोकणातला माणूस चकित होतो.

पाणी हा त्याहून नाजूक विषय. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे कमी नाही. पण नदी नाही, तलाव जवळजवळ नाहीत. पावसाचं पाणी वाळूतून मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगत राहतो. मधे जाड, कडेला पातळ, एखाद्या भिंगासारखा. पुस्तकी हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल तर खाली चाळीस फूट असतं. लहान बेटावर तो हिशेब कधीच पुरा उतरत नाही. जोरात पंप चालवला की खालून खारं पाणी वर येतं, आणि एकदा आलं की दोन-तीन पावसाळे तरी हात चोळत बसावं लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत किती बेटांवर खारं पाणी चढलं, विहिरी आणि बागा कशा गेल्या, हे तिथले शेतकरी आजही सांगतात. आणखी एक गोष्ट सरकारी अहवालात शेवटच्या पानावर असते, पण असायला हवी पहिल्या पानावर. ज्या थरातून पिकाला पाणी देता, त्याच थरात तुमचं नत्र आणि कीटकनाशक उतरतं. शेती वाढवणं आणि गावाचं भूजल राखणं या दोन गोष्टी इथे एकमेकींच्या अंगावर येतात.

अशा ठिकाणी कांदा-बटाटा पिकवायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. भारत आणि मालदीव यांच्यात १९८१ पासून एक व्यवस्था आहे. तिच्यात भारत आवश्यक वस्तूंचा वार्षिक कोटा ठरवून देतो, आपल्याकडे निर्यातबंदी असली तरी. २०२४-२५ चा कोटा व्यवस्था सुरू झाल्यापासून तोवरचा सर्वात मोठा होता: कांदा ३५,७४९ टन, बटाटा २१,५१३ टन, तांदूळ १ लाख २४ हजार टन, गव्हाचं पीठ १ लाख ९ हजार टन, साखर ६४ हजार टन, अंडी ४२ कोटींच्या वर. कोटा म्हणजे वरची मर्यादा, तेवढा माल गेलाच असं नाही. पण एवढा कोटा किती थोड्या लोकांसाठी आहे ते बघा: लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत परदेशी कामगार धरून पाच लाख पंधरा हजार. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, लासलगावला लिलाव बंद पडले, आंदोलनं झाली. त्याच काळात मालदीवसाठी वाट मोकळी होती. आणि याच सुमारास दोन्ही देशांचे राजकीय संबंध ताणलेले होते! राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू यांनी जानेवारी २०२४ मध्ये एकाच देशावर अवलंबून राहायचं नाही म्हणून तुर्कस्तानातून मुख्य अन्नधान्य आणण्याचा करार जाहीर केला होता. अन्नसुरक्षेची तिथली चर्चा अशी अर्धी शेतीची आणि अर्धी परराष्ट्र धोरणाची असते. शेतीखात्याच्या योजना वाचताना हे लक्षात ठेवा, म्हणजे काही योजना शेतकऱ्यापेक्षा वर्तमानपत्रासाठी का लिहिलेल्या वाटतात ते कळेल.

मग काय पिकवावं? माझा साधा ठोकताळा असा: जो माल जहाजानं येतो त्याच्याशी स्पर्धा करू नका, जो विमानानं येतो त्याच्याशी करा. कांदा, बटाटा, तांदूळ, डाळ जहाजानं येतात, महिनाभर टिकतात, त्यांच्या भावाला बेटावरचा शेतकरी जन्मात पोहोचणार नाही. लेट्यूस, पुदिना, तुळशीच्या जातीची पाश्चात्त्य पानं, चेरी टोमॅटो, कोवळी काकडी हे रिसॉर्टांसाठी विमानानं येतं. त्याचं भाडं मालाच्या किमतीइतकं किंवा जास्त पडतं, शिवाय अर्धा माल पोहोचेपर्यंत मान टाकतो. इथे हायड्रोपोनिक्सला, म्हणजे मातीविना खताच्या पाण्यावर होणाऱ्या शेतीला, जागा आहे. पण त्यातही डोळे उघडे ठेवा. खतांचे क्षार आयात, बियाणं आयात, मुळांना आधार द्यायचा नारळाच्या काथ्याचा भुसा, कोकोपीटसुद्धा (नारळांच्या देशात!) बरेचदा श्रीलंका किंवा भारतातून, आणि वीज डिझेल जाळून. पन्हाळी आणि जाळी उभारणं सोपं आहे. तीन वर्षांनी पंप जळल्यावर त्याचा सुटा भाग कोण आणणार, यावर प्रकल्प जगतो किंवा मरतो.

मोकळ्या जमिनीवरच्या शेतीचं चांगलं उदाहरण बघायचं तर अलिफ अलिफ प्रवाळद्वीपातलं थोड्डू. कलिंगड आणि पपईसाठी प्रसिद्ध. रमझानला राजधानी माले शहराच्या बाजारात कलिंगडाला मागणी चढते आणि तिथले शेतकरी लागवड त्यावर बेतून करतात. रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे लागवडीची तारीखही सरकते. कधी ती कोरड्या ईशान्य मोसमात येते, कधी भर नैर्ऋत्य पावसात. हे गणित तिथल्या लोकांनी स्वतः बसवलं आहे. थोड्डूचं भाग्य असं की माती त्यातल्या त्यात बरी, आणि माले बोटीनं जवळ. उत्तरेच्या टोकाच्या बेटावर हेच कलिंगड पिकवलं तर ते बाजारात पोहोचेपर्यंत नफा डिझेलमध्ये गेलेला असतो.

पडीक, निर्जन बेटं शेतीसाठी भाडेपट्ट्यानं द्यायची हा सरकारचा जुना आवडता मार्ग. कागदावर छान वाटतो. प्रत्यक्षात अशा बेटावर आधी राहायची सोय, मग पाणी, मग वीज, मग धक्का, मग बोट, मग मजूर, आणि मजूर बहुतेक बांगलादेशी. एवढं सगळं उभं करणारा माणूस पपई लावण्यापेक्षा त्या बेटाचं पुढे पर्यटनात काय होईल याचाच विचार जास्त करतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही; जमिनीचं मोल पर्यटनानं ठरवलेल्या देशात दुसरं काय होणार?

२०२० मध्ये कोविडनं मार्च ते जुलै पर्यटन ठप्प झालं आणि अन्नाचा प्रश्न एकदम जेवणाच्या टेबलावर आला. त्याच सुमारास सरकारनं ॲग्रोनॅट ही शेतीसाठीची सरकारी कंपनी काढली. कल्पना मला पटते: शेतकऱ्यानं कराराने पिकवायचं, कंपनीनं बियाणं-खतासारख्या निविष्ठा आणि तांत्रिक मदत द्यायची, माल उचलायचा आणि विकायचा. म्हणजे मधला टप्पा. रिसॉर्टचा खरेदी अधिकारी रोज ठरलेल्या आकाराचा, ठरलेल्या वजनाचा माल मागतो, आणि तो एका शेतकऱ्याच्या चार वाफ्यांतून निघत नाही. दहा बेटांवरचा माल एकत्र करून, निवडून, थंड ठेवून पोहोचवणारं कोणीतरी लागतंच. पण सरकारी कंपनीनं हे करायचं तर तिला व्यापाऱ्यासारखी पहाटे उठायची सवय हवी, आणि ती सवय अधिसूचनेनं लागत नाही.

शेती सोडण्याआधी एक आडवळण. १९९९ च्या सुमारास एका रिसॉर्टवर शोभेची झाडं परदेशातून आणली गेली आणि त्यांच्याबरोबर नारळाच्या कोवळ्या पात्यांवर जगणारा ब्रोन्टिस्पा भुंगा आला. बेटामागून बेट माड करपायला लागले. फवारणी उंच माडांवर किती करणार? शेवटी २००३-०४ च्या सुमारास जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं व्हिएतनामहून त्याच्या अळ्यांवर जगणारी एक बारीक परजीवी गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हा कुठे आवर बसला. माझ्या मते त्या देशाच्या शेतीला सर्वात जास्त परतावा देणारी सरकारी गुंतवणूक कोणती असेल, तर विमानतळ आणि बंदरावरची कडक वनस्पती तपासणी. तिची फीत कोणी कापत नाही.

आता मासळी. इथे गोष्ट वेगळी आहे, कारण इथे देशाचं कौशल्य सातशे वर्षांचं तरी आहे. चौदाव्या शतकात तिथे काझी म्हणून राहिलेला इब्न बतूता तिथली उकडून, धुरावून वाळवलेली मासळी हिंदुस्थान, चीन, येमेनपर्यंत जाते असं लिहून गेला आहे. विसाव्या शतकात या सुक्या मासळीचा मोठा गिऱ्हाईक होता श्रीलंका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेची परकीय चलनाची तंगी झाली आणि खरेदी आटली. एकाच बाजारावर उभा असलेला देश हादरला. तेव्हा सरकारनं दोन-तीन गोष्टी लागोपाठ केल्या. १९७२ पासून जपानी आणि इतर गोठवणी जहाजांना ताजी मासळी विकायला सुरुवात झाली. १९७४ पासून शिडाच्या मासधोणींना (ट्यूना पकडायच्या बोटींना) इंजिनं बसू लागली. १९७८ मध्ये फेलिवारू बेटावर ट्यूना डबाबंद करायचा कारखाना चालू झाला. १९८१ पासून खोल समुद्रात नांगरलेले तरंगते सापळे टाकले जाऊ लागले. त्यांना सापळे म्हणायचं एवढंच. पकडत काही नाहीत. तरंगत्या वस्तूखाली ट्यूनाचे थवे जमतात, आणि मच्छीमाराला कुठे जायचं ते कळतं. असे पन्नासच्या आसपास सापळे सरकार स्वतःच्या खर्चानं देशभर सांभाळतं. नांगराचा दोर दीड-दोन किलोमीटर खोल, आणि जहाजाच्या पंख्यात तुटला की नवा टाकायचा. मला विचाराल तर एवढ्या कमी पैशात एवढा फायदा देणारी मत्स्यव्यवसायातली दुसरी सरकारी योजना मी पाहिलेली नाही. सापळा कुणा एकाच्या मालकीचा नाही, त्यासाठी अर्ज नाही, अनुदानाची फाईल नाही. लहान बोटीचंही तेवढंच डिझेल वाचतं.

पकडायची पद्धत गळाची. आधी खाजणात जिवंत आमिष धरायचं, बारीक चंदेरी मासळी, आणि ती बोटीच्या पोटातल्या पाण्यात जिवंत ठेवायची. थवा दिसला की आमिष फेकायचं, बोटीच्या मागच्या बाजूनं पाण्याचे तुषार उडवायचे, आणि रांगेनं उभं राहून बिनकाट्याच्या गळानं एकेक मासा ओढून मागे टाकायचा. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयलाही हेच चालतं, ती माणसं एकाच परंपरेतली. ट्यूनासाठी जाळं वापरायला मालदीवमध्ये कायद्यानं बंदी आहे. २०१० मध्ये शार्कची मासेमारीही बंद केली. २०१२ मध्ये तिथल्या गळाच्या कुपा-ट्यूनाला (स्किपजॅक) शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळालं. मालवण-रत्नागिरीला पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांविरुद्ध आणि मासळी गोळा करणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध पारंपरिक मच्छीमार किती वर्षं झगडतोय ते आठवा. तिथे सरकारनं आधीच ठरवलं की मासळी जास्त लोकांनी, थोडी थोडी पकडायची. उत्पादन वाढवायचं म्हणजे मोठं जाळं आणायचं, ही पळवाट त्यांनी घेतली नाही.

म्हणून सगळं आलबेल आहे का? नाही. २००६ मध्ये उत्पादन १ लाख ८० हजार टनांच्या वर गेलं आणि पुढच्या काही वर्षांत झपाट्यानं खाली आलं. ट्यूना सीमा मानत नाही. बाहेरच्या पाण्यात युरोपीय आणि आशियाई ताफे मोठी जाळी लावून बसले असतील तर तुम्ही कितीही शहाणपणानं गळ टाका, उपयोग नाही. मालदीव २०११ मध्ये हिंद महासागर ट्यूना आयोगाचं सदस्य झालं ते यासाठीच, आणि २०१६ चा कुपा-ट्यूनाच्या पकडीवर मर्यादा घालणारा नियम त्यांच्याच पुढाकारानं आला.

दुसरा फटका बाजारातून. जानेवारी २०११ मध्ये मालदीव अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडलं. मान वाढला, पण २०१४ पासून युरोपात जकातमुक्त प्रवेश गेला आणि डबाबंद ट्यूनावर २४ टक्के जकात बसायला लागली. शेजारच्या सेशेल्स आणि मॉरिशसचा माल विनाजकात जातो, आणि तो बराचसा जाळ्यानं पकडलेला. एकेक मासा हातानं ओढणाऱ्यानं जास्त कर भरायचा, असा हा न्याय! त्यामुळे बराच माल गोठवून थायलंडला जातो आणि भाव बँकॉकमध्ये ठरतो.

आणि मग घरचा प्रश्न. १९९३ पासूनची सरकारी कंपनी मिफ्को ही मोठी खरेदीदार. अलीकडच्या वर्षांत मच्छीमारांचे पैसे थकणं हा तिथला जाहीर राजकीय विषय झाला आहे. लोक बोटी घेऊन राजधानीसमोर निदर्शनाला आले आहेत. भाव किलोमागे अमुक देऊ, पैसे तमुक तासांत देऊ, अशी आश्वासनं निवडणुकीत असतात. जागतिक भाव पडलेला असताना हमीभाव चढा ठेवायचा तर फरक कोणीतरी भरावा लागतो. तो वेळेवर भरला नाही की कंपनी बर्फ कमी करते, गोठवणीची जागा भरलेली असते, आणि बोट मासळी घेऊन धक्क्याबाहेर रांगेत थांबते. कुपा-ट्यूना उन्हात थांबला की त्यात हिस्टामिन हे बाधणारं द्रव्य तयार होतं, ते शिजवूनही जात नाही, आणि निर्यातीचा माल एका दिवसात खताच्या किमतीचा होतो. नवी बोट घ्यायला कर्ज देण्याआधी ज्या धक्क्यावर बर्फ पुरत नाही तिथे बर्फाचा कारखाना द्या, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे. आमिषाचीही तीच गत. बोटी मोठ्या झाल्या, त्यांना आमिष जास्त लागतं, आणि खाजणातली बारीक मासळी मात्र तेवढीच आहे.

तर तुमच्या नोकरीबद्दल. जायला हरकत नाही. दोन वर्षांत वाळूतली शेती, खारं पाणी आणि दळणवळण यांचं जे शिक्षण होईल ते आपल्याकडे दहा वर्षांत मिळणार नाही. पण होकार देण्याआधी काही गोष्टी लेखी विचारा. बेट कोणतं आणि मालेपासून बोट किती तासांची, आठवड्यातून किती वेळा? पाणी विहिरीचं, पावसाच्या टाकीचं की आरओचं? विहिरीचं असेल तर एप्रिलअखेरचा क्षारतेचा अहवाल मागा. नोव्हेंबरचा दाखवला तर तो पावसानंतरचा आहे, त्यावर विसंबू नका. माल कोण उचलणार आणि त्याच्याशी करार झाला आहे की 'बोलणी चालू' आहेत? वीज कोण देतं? आधीचा कृषी अधिकारी का सोडून गेला? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा सरळ मिळणार नाही, म्हणून त्याचा नंबर मिळवून त्यालाच फोन करा. पगार रुफियात (तिथलं चलन) की डॉलरमध्ये हेही आत्ताच पक्कं करा, कारण तिथे डॉलरचा सरकारी दर आणि बाजारातला दर यांत फरक असतो. आणि जाताना एक हातात मावणारा, क्षारता मोजणारा ईसी मीटर आणि सामू मोजायचं उपकरण, त्यांच्या कॅलिब्रेशनच्या द्रावणासकट, बॅगेत टाका. तिथे ती द्रावणं मागवलीत तर पुढच्या बोटीनं येतील असं सांगतात, आणि पुढची बोट तांदूळ घेऊन येते.